आढ्याच्या वर दोन हात

कुणाच्या घरी बसलेली असताना आतून खोकल्याचा आवाज आला, की मी खोकणाऱ्याकडे बघत नाही, वर छपराकडे बघते. आता छपरं राहिलीत कुठे? स्लॅब असतो, पंखा असतो, आणि खोकणाऱ्याला बहुतेक वेळा साधी सर्दी झालेली असते. तरी मान वर जातेच. माझी मुलगी चिडवते, "आई, सातव्या मजल्यावर आहोत आपण, धुराडं नाही इथे." मी हसून घेते. तिला सगळं ठाऊक आहे, पण तेव्हा ती लहान होती, आणि लहानपणच्या गोष्टी माणसाला गोड करून आठवता येतात. मला ती सोय नाही.

मी चुली घालायचे. निर्धूर चुली. ऐंशीच्या दशकात सरकारने मनावर घेतलं की खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या स्वयंपाकघरातला धूर घालवायचा आणि जळणही वाचवायचं. आज असल्या कामांना हिरवी, भारदस्त नावं असतात, त्यांचे अभ्यासक्रम असतात. आमच्या वेळी त्याला 'चुलीचं काम' म्हणायचे आणि ते करणारीला 'चुलवाली'. मला त्या नावाचा राग यायचा. नंतर सवय झाली, आणि पुढे तर कुणी तसं म्हटलं नाही तर चुकल्यासारखं वाटायचं.

लग्न होऊन मी ठाण्याहून डोंबिवलीला, मानपाड्याच्या मागच्या एका गावात आले. आम्ही दोन्हीकडचे आगरीच, पण माझे वडील लवकर ठाण्याला नोकरीला लागले, आम्ही चाळीत वाढलो आणि आमची बोली धुऊन निघाली. सासरी ती तशीच होती, खणखणीत. अर्धी जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेलेली, उरलेल्या तुकड्यात भात आणि भात कापला की वाल. घर लांबोडकं, कौलारू. पुढे ओटी, मध्ये माजघर, माजघराच्या कोपऱ्यात चूल, आणि मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत उतरत्या कौलांची पडवी. घरात सासू, मोठे दीर, जाऊ, त्यांची मुलगी, आणि आम्ही दोघं. सासरे कधीच गेलेले.

पहिल्या दिवशी चुलीपुढे बसून माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. सगळ्यांना वाटलं, नवी नवरी, माहेरची आठवण आली असेल. जावेने पाठीवरून हातही फिरवला. माहेर कसलं, धूर होता! माहेरी आमच्याकडे रॉकेलचा स्टोव्ह होता. मला धुराची सवयच नव्हती.

सासूची मात्र हयात त्यात गेलेली. ती फुंकणी घेऊन वाकली की तिचं तोंड धुरात दिसेनासं व्हायचं आणि आतून फक्त खोकला ऐकू यायचा. डोळे कायम लाल, पापण्यांच्या कडा सुजलेल्या. पदराच्या टोकाने डोळे टिपत ती भाकरी थापायची, आणि एवढं करून भाकरी चंद्रासारखी गोल. मला तिची माया फार लवकर लागली. आईची लागते तशी नाही. ती मला कधी रागावली नाही, आणि मी रागावण्यासारखीच होते. तोंडाने तिखट, हाताने चपळ, आणि दोन्हींचा गर्व.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चुलीच्या प्रशिक्षणाची सूचना लागली तेव्हा मी सासूलाच विचारलं. जाऊ तिथेच सूप पाखडत होती. ती म्हणाली, "घरोघरी मातीच्या चुली, आनि ही शिकाला कल्यानला जातं!"

सासू हसली नाही. डोळे टिपून म्हणाली, "जा गो. शिक. मना पन बगू दे, बिनधुराची चूल कशी असतं ती."

"आये, शिकून आले की पहिली चूल तुलाच," मी म्हणाले. "तुझे डोळे वाचवते बघ."

हे मी बोलले होते. कुणी वदवून घेतलं नव्हतं.

कल्याणला एका सरकारी आवारात पत्र्याच्या शेडखाली आमचा वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या बाई ठेंगण्या, जाडसर, पदर कमरेला खोचलेला आणि हातात बारा महिने छत्री. ती पावसासाठी नव्हती, आमच्या चुलींत खुपसायला होती. चुलीच्या पोटातून मागे जाणारा बोगदा नीट झालाय की नाही, ते त्या छत्रीचं टोक घालून बघायच्या, आणि अडलं की ओरडायच्या, "इथे धूर काय बसून राहणार? त्याला बाहेर जायचंय!" माती, भाताचा तूस आणि शेण पायाने तुडवायचं, भिजत ठेवायचं, पुन्हा तुडवायचं. लोखंडी साच्यात ठासून भरायचं. चुलीला दोन तोंडं. पुढच्यावर भाकरी, तीच आच मागच्या तोंडाखालून गेली की त्यावर फुकटात गरम पाणी. आणि शेवटी सिमेंटच्या पत्र्याची नळी, छपरातून बाहेर काढलेली.

नळीबद्दल बाई फार कडक होत्या. "नळीचं तोंड कुठे?" त्या विचारायच्या, आणि आम्ही सगळ्या शाळेतल्या पोरींसारख्या एका सुरात म्हणायचो, "आढ्याच्या वर दोन हात!" आढं म्हणजे घराच्या छपराची सगळ्यांत उंच कड. नळी तिच्या खाली राहिली तर वारा कौलांवर आपटून धूर पुन्हा खाली दाबतो. "तुमच्या डोंबिवलीच्या कारखानदारांना कळतं धुराडं उंच का बांधायचं," बाई मला म्हणायच्या, "तुला का कळू नये?" मला कळायचं. सगळ्यांत आधी मलाच कळायचं, आणि ते मी इतरांना कळू द्यायचे.

शेवटची परीक्षा म्हणजे स्वतःच्या घरात एक चूल घालायची. बाई येऊन बघणार, तिच्यावर भात शिजवून घेणार, मग पास.

आणि इथे घोडं अडलं. आमच्याकडे पेटती चूल मोडत नाहीत. चूल मोडते ती घर उठतं तेव्हा. माजघरातली ती चूल सासूने स्वतःच्या हाताने घातलेली, सासरे आपल्या भावांपासून वेगळे झाले त्या वेळची. मी म्हटलं, मग जुनी राहू दे, दुसऱ्या कोपऱ्यात नवी घालते. तर जावेने तोंडावर हात ठेवला. एका घरात दुसरी चूल म्हणजे घर दोन झालं. त्याला कागद लागत नाही की पंच लागत नाहीत. जो ज्या चुलीचं खाईल तो त्या घरचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण मी ठाण्याची. मला ते जुनाट वाटत होतं.

सासूनेच वाट काढली. "पाठीमागं पडवीन घाल. ढोरांचा आंबोन शिजवाला होल. पन एक ऐक. मोठा हो बोलत नाय तवर तिच्यावर मानसांचा अन्न शिजवाचा नाय."

मी हो म्हणाले.

चूल सुंदर झाली. अजूनही सांगते, त्यानंतर मी खूप चुली घातल्या पण तशी कडा कधी साधली नाही. नळी पडवीच्या कौलांतून वर काढली. पडवी उतरती, खालच्या अंगाला. नळीचं तोंड पडवीच्या वर आलं, पण घराच्या आढ्याच्या पार खाली राहिलं. दिलेल्या नळ्या तेवढ्याच पुरल्या. मनात म्हटलं, गुरांच्या आंबोणाला काय करायचंय आढं? शिवाय पडवीत झोपतंय कोण!

बाई आल्या तेव्हा घरात मी एकटीच होते. सासू आणि जाऊ वालाच्या शेतात गेलेल्या. बाईंनी छत्री खुपसून बघितली, चुलीच्या अंगावरून हात फिरवला, आणि मग वर बघून म्हणाल्या, "आढ्याच्या वर?"

"पडवीच्या वर आहे बाई. गुरांसाठीच आहे ही."

"वाढव हं पुढे."

"वाढवते."

मग त्या म्हणाल्या, "घाल भात." मी म्हणू शकले असते की आमच्यात असं असं आहे, भाताऐवजी पाणी उकळून दाखवते. बाई समजूतदार होत्या, ऐकलं असतं. पण मला भातच दाखवायचा होता. दोन काटक्यांवर, डोळ्यांत पाण्याचा टिपूसही न येता शिजलेला भात. मी तो शिजवला. बाईंनी शीत चेपून बघितलं, दोन घास खाल्ले आणि शाबासकी देऊन गेल्या. तेवढ्यात नवरा आला. त्याचं काम कंत्राटी, त्या दिवशी लवकर सुटका झालेली, पोटात कावळे ओरडत होते. भात समोर, कालचं सुकटाचं कालवण उरलेलं. तो तिथेच पडवीत, नव्या चुलीपुढे जेवायला बसला. मीच वाढलं.

आणि मोठे दीर पहिली पाळी संपवून मागच्या दाराने आले.

ते रंगाच्या कंपनीत कायम नोकरीला होते. बोलणं कमी. त्यांनी चूल बघितली, भाताचं पातेलं बघितलं, धाकट्या भावाचं ताट बघितलं. हातातली पिशवी हळूच खाली ठेवली.

"वेगला निंगाचा होता त तोंडानं सांगाचा होता," ते म्हणाले.

नवऱ्याने सांगायला हवं होतं की दादा, तसं नाही. पण जमिनीच्या उरलेल्या तुकड्यावरून दोघांत आधीच धुसफूस चालली होती, आणि त्याचं डोकं गरम. तो ताटावरून उठून म्हणाला, "मंग समज निंगालो!" आणि मी? मी मध्ये पडायला हवं होतं. हात जोडायला हवे होते. मी म्हणाले, "भाताच्या एका पातेल्यावरून एवढं लागत असेल, तर असू दे वेगळंच." एवढं तिखट बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. सासू शेतावरून आली तेव्हा दोन भाऊ दोन कोपऱ्यांत बसले होते आणि तिच्या चुलीपुढे जाऊ रडत होती. सासू पडवीत आली, पातेल्यात बघितलं, तळाला लागलेली खरवड तेवढी उरलेली. पातेलं उचलून विहिरीवर घासायला घेऊन गेली.

महिनाभरात घराच्या मधोमध कूड उभा राहिला. कारवीच्या काठ्या आणि वर मातीचं लिंपण, पुरुषभर उंच, कौलांपर्यंत न पोचणारा. पडवीही त्यात दुभागली. माझी चूल कुडाला लागूनच, आमच्या बाजूला. जुनी चूल त्यांच्या वाटणीला गेली, आणि तिच्याबरोबर सासूही. आई दोन चुलींचं खात नसते. ज्या चुलीपुढे तिची हयात गेली, ती ज्याच्याकडे, तिकडेच ती.

म्हणजे जिच्यासाठी मी बिनधुराची चूल शिकून आले, ती कुडाच्या पलीकडे धुरातच राहिली. मी अलीकडे कोरड्या डोळ्यांनी भाकऱ्या भाजत होते.

मग मी कामाला लागले. घरात सुचायचं नाही म्हणूनही असेल. कल्याणच्या आजूबाजूची गावं, विठ्ठलवाडीकडच्या झोपड्या, ठाण्याच्या खाडीकाठची कोळ्यांची घरं, जिथे बोलावतील तिथे मी जायचे. आधी बाईंच्या हाताखाली, मग एकटी, आणि पुढे तर माझ्या हाताखाली नव्या बायका शिकायला येऊ लागल्या. त्यांना मी तुडवायला लावायचे, साचा भरायला लावायचे, आणि छत्री नसल्याने फुंकणीच चुलीत खुपसायचे. "नळीचं तोंड कुठे?" मी विचारायचे. त्या एका सुरात सांगायच्या.

आणि एखादी म्हणाली की बाई, आमच्या पिढ्यान्‌पिढ्या धुरातच गेल्या, आम्हाला काय झालं, तर मी सासूचं उदाहरण द्यायचे. "माझ्या सासूला बघा येऊन. जाऊ अडाणी, जुनी चूल सोडत नाही. म्हातारीचे डोळे गेले, खोकून खोकून पाठीची कमान झाली." सांगताना माझा कळवळा सगळ्यांना दिसायचा. तो खोटा नव्हता. कुडाच्या पलीकडून तो खोकला मी रोज ऐकायचे. सासूचं अंथरूण आता त्यांच्या बाजूच्या पडवीत होतं. दुपारी, संध्याकाळी ती खोकायला लागली की मी चुलीत लाकूड सारत सारत जावेला मनातल्या मनात, आणि कधी तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, लाखोली वाहायचे.

जावेशी बोलणं बंदच होतं. मुलं तेवढी कूड मानत नसत. माझी मुलगी या दाराने निघून त्या दाराने आत जायची, आजीच्या मांडीवर बसून यायची. एकदा मी टिटवाळ्याच्या बाजूला कामाला गेलेले, परतायला संध्याकाळ टळली. धावतपळत आले तर मुलगी जेवून ओट्यावर खेळत होती. म्हणाली, आजीने हाक मारली, काकूने ताटात भाकरी दिली. मला ते लागलं. माझी पोर उपाशी आहे हे ठरवणारी ही कोण? मी ताट घासून, पुसून, त्यांच्या दारात ठेवून आले, आणि ठेवताना आवाज होईल असं ठेवलं. पुढेही असं होत राहिलं. ज्या दिवशी मला उशीर होई, त्या दिवशी मुलीला तिकडून हाक आलेली असायची. बाकीच्या दिवशी नाही. त्यांना कसं कळतं, याचा मी विचारच केला नाही. मला वाटायचं, जाऊ पाळत ठेवते.

नव्वदीच्या सुरुवातीला दिरांकडे गॅस आला. सिलिंडर सायकलला अडकवून आणताना मी बघितला. म्हटलं, असेल चहापुरता. गॅस घेतला तरी भाकरी चुलीवरच, हे तेव्हा घरोघर होतं. पलीकडचा खोकला काही थांबला नव्हता, म्हणजे चूलही थांबली नसणार, एवढा सरळ हिशेब. मी माझ्या शिकाऊ बायकांना सांगायचे, "दारात सिलिंडर आलाय, पण म्हातारीच्या नशिबी धूरच!"

मग जावेच्या मुलीचं लग्न ठरलं. एके दिवशी ते सगळे बस्त्याला कल्याणला गेले, सासू घरी एकटी. दुपारची वेळ. मी वाल शिजत घातले होते. पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ "आय गो!" मी तशीच धावले, आमच्या दारातून बाहेर, त्यांच्या दारातून आत. कूड घातल्यापासून त्या उंबऱ्याच्या आत मी पहिल्यांदा पाऊल टाकत होते.

वाटेत माजघर लागलं. कोपऱ्यात ती चूल होती. सारवलेली, कडेला रांगोळीची रेघ, वर हळदकुंकू, आणि आत राख नाही. चिमूटभरही नाही. चुलीच्या पोटात हात घातला असता तर गार लागला असता. कितीतरी दिवसांत, नव्हे, वर्षांत ती पेटलेली नव्हती. नुसती ठेवली होती, मोडायची नाही म्हणून.

पडवीत सासू खाली बसलेली. खाटेवरून उतरताना पाय मुडपला होता, फार लागलं नव्हतं. मी तिला उचलून वर बसवलं. आणि मग मला तो वास आला. बाभळीच्या ओलसर लाकडाचा. मी वर बघितलं. कौलांच्या फटींतून धूर आत उतरत होता, संथ, आपलंच घर असल्यासारखा. कुडाकडची भिंत वरपासून खाटेपर्यंत काळी झाली होती, काजळीचे ओघळ एकावर एक. खाडीवरचा वारा सुटला होता. माझी नळी कुडाला लागून, आढ्याच्या खाली. धूर वर न जाता वाऱ्याने पालथा पडत होता आणि कौलांवरून घसरत पलीकडे, सासूच्या उशाशी येत होता.

कुडाच्या दोन्हीकडे मिळून जळणारी चूल एकच होती. माझी.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी दुसऱ्यांना किती वेळा लावली असेल. तिथे उभी असताना म्हण वगैरे काही आठवलं नाही. मी खाटेच्या कडेला बसले.

सासूला नीट दिसत नव्हतं. तिने माझा हात चाचपला. "वाल घातलंस ना गो?" तिने विचारलं.

"तुला कसं कळलं, आये?"

"येवरा येल कनाला जलल चूल? वाल नाय त पावनं. पावनं असतं त पोरगी सांगाला आयली असती." मग ती जरा हसली. "लाकरा वली हान तुझी. वालवून घेत जा."

मी विचारलं, हे कधीपासून? ती म्हणाली, कूड घातला तवापासून. मग मला सांगितलं का नाही? मी आधी विचारलं आणि मग रडायला लागले. या वेळी धूर नव्हता, म्हणजे होता, पण त्याच्याने नव्हे.

"काय सांगाचा?" ती म्हणाली. "खोकला सगल्यांनाच असतो. तुमच्या घरचा कलतं त्या धुरान. सकालचा लवकर विझला त तू कामाला गेलंस. सांजचा नाय आला त पोर उपाशी हाय." तिने माझा हात थोपटला. "ती चूल तुझी, पन धूर माझेकरं येतं ना. ऱ्हाऊ दे तसा."

मला त्या ताटांची आठवण झाली. आवाज करून ठेवलेल्या.

मी तिचं ऐकलं नाही. तिला पाणी दिलं, पाय चोळला, आणि आमच्या पडवीत जाऊन नळ्या काढल्या. होत्या ना! धंदाच तो, नळ्यांचे तुकडे कोपऱ्यात कायम पडलेले. इतकी वर्षं माझ्या चुलीपासून चार पावलांवर पडलेले. शिडी लावून मी कौलांवर चढले, नळीला नळी जोडत गेले, तारेने बांधली, टोपी बसवली. भर उन्हात कौलं तापलेली, पोळत होती, ते बरं वाटत होतं. आढ्याच्या वर दोन हात. मी तीन काढले.

दीर, जाऊ परतले तेव्हा मी अजून वरच होते. जाऊ साड्यांच्या पिशव्या घेऊन अंगणात उभी राहिली आणि मान वर करून बघत राहिली. मला वाटलं, आता हिला बोलायची संधी मिळाली, आणि माझी ऐकून घ्यायची तयारी होती. उलट तिने बोलावं असंच मला वाटत होतं.

"आता सुचला काय तुना?" एवढंच ती म्हणाली. आणि मग, पिशव्या ओट्यावर ठेवता ठेवता, "मी दोनदा निंगालेली सांगाला. आयेनं हात धरला माझा. उतर आता, परशील. च्या टाकतंय."

त्या दिवशी मी जावेच्या हातचा चहा प्यायले. गॅसवरचा. माफी मागायची होती, ती मागितली नाही. तिच्या नावाने गावोगाव काय काय सांगत फिरले होते, ते तिला आजही माहीत नाही. मी सांगणारही नाही. उगाच तिला कशाला ओझं?

नळी मी सासूसाठी वाढवली की माझ्यासाठी, हे मला अजून ठरवता येत नाही. तिने तर नको म्हटलं होतं. पण त्या काजळीच्या भिंतीकडे बघून आल्यावर मला त्या चुलीत काडी लावणं शक्यच नव्हतं. तिचा खोकला थांबावा असं मला वाटत होतं, आणि त्याहून जास्त तो मला ऐकू येऊ नये असं वाटत होतं.

संध्याकाळी दिवेलागणीला मी चूल पेटवली. भात टाकला. पलीकडे शांत होतं, खोकला नव्हता. मी भाताला कढ येईस्तोवर कान देऊन बसले. नव्हताच. थोड्या वेळाने मुलीला वाढलं, नवऱ्याला वाढलं, मी मागच्या तोंडावर पाणी ठेवलं. तेवढ्यात कुडाच्या पलीकडून हाक आली. इतक्या वर्षांत सासूने कुडावरून मला कधी हाक मारली नव्हती.

"गो, आज चूल नाय पेटवली?"

"पेटवली ना, आये. सगळे जेवलेसुद्धा."

पलीकडे खाट करकरली.

"मना कललाच नाय," ती म्हणाली.

मी वर बघितलं. मग मागच्या अंगणात जाऊन बघितलं. चांदण्यात धूर नळीतून सरळ वर, आढ्याच्याही वर जात होता, अगदी शिकवतात तसा.